हिलाल आप्पा आणि कोऱ्या सीड्या

हिलाल आप्पांची सून मागच्या आठवड्यात माझ्या फोटोच्या दुकानात आली. सासऱ्यांचा फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा करून हवा होता. तिने आणलेला फोटो कुठल्याशा लग्नातला होता. आप्पा पंगतीत बसलेले, गाल फुगलेला, शर्टाच्या खिशावर तपकिरीचे डाग. "मांगला लोके काढी टाका ताई, अन डाग बी पुसी टाका," ती म्हणाली. मागचे लोक मी दहा मिनिटांत काढले. डागांना अर्धा तास लागला. पुसता पुसता मला तीच किळस आली, जी ते समोर बसलेले असताना यायची.

आता गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर त्यांचा फोटो फिरतो आहे. जोडलेले हात, पणत्या, 'देवमाणूस गेला'. यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना कामाच्या पैशांसाठी आपल्या दुकानाच्या पायरीवर तासन्‌तास ताटकळत ठेवलेलं मी पाहिलं आहे. मला असलं काही लिहायचं नाही. या माणसाने माझ्याच दुकानात, दहा माणसांसमोर, मला खोटारडी म्हटलं. ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण हिलाल आप्पा कसे होते हे पणत्या लावणाऱ्यांपेक्षा मला जास्त माहीत आहे. ज्याच्यावर राग धरला, त्याच्याकडे आपलं लक्ष बारीक असतं.

आप्पा मूळचे रनाळ्याचे. घरी शेती, भाऊ शेतात. हे रेडिओ आणि टेप दुरुस्त करायला म्हणून तळोद्याला आले आणि इथलेच झाले. रेडिओ गेले, टेप गेले, टीव्ही आले, मग संगणक आले. आप्पा सगळ्यांची पोटं उघडत राहिले. कुठे शिकलात असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "बिघडेल वस्तूसपाशी शिकनू."

ते दुकानात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरायचा. तपकीर, घाम, आणि पिशवीतल्या झाळायच्या तारेचा जळका वास. चिमूट नाकात ओढायची, दोनदा शिंकायचं, आणि त्याच बोटांनी माझ्या कीबोर्डला हात घालायचा. करंगळीचं नख वाढवलेलं. लहान स्क्रू ते त्या नखानेच फिरवायचे. खिशात एक रुमाल, जो कधीकाळी पांढरा असावा. त्याच्या एका टोकाने नाक पुसायचे आणि दुसऱ्या टोकाने मशीनची काच. मी एकदा तोंडावर पदर धरून म्हटलं, "आप्पा, काही लाज ठेवा." तर शांतपणे म्हणाले, "हाऊ कोपरा मन्हा, हाऊ कोपरा मशीनना." कुठला कोणाचा, ते त्यांनाच ठाऊक.

खुर्चीवर कधी बसले नाहीत. जमिनीवर मांडी घालून, संगणक आडवा पाडून, मेथी निवडायला बसल्यासारखे बसायचे. पण लगेच हात लावायचे नाहीत. आधी नुसते बघत बसायचे. "पहिले डोया, मंग हात." हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. आणि मग तीन प्रश्न, नेहमी त्याच क्रमाने. "कव्हयपासून? कोनी हात लावा? नवं काय उनं?" केव्हापासून बिघडलंय, कोणी हात लावला, आणि नवीन काय आलं. समोरचा जे सांगेल ते खरं धरून कामाला लागायचे. मी म्हटलं, लोक खोटं सांगतात, आप्पा. म्हणाले, "गिऱ्हाईकनं खरं धरानं. नहीतं मंग ती दुरुस्ती नही व्हत, चौकशी व्हस."

मला हे शुद्ध बावळटपणाचं वाटायचं. मी गिऱ्हाइकाचं खरं धरत बसले असते तर अजून कचेरीसमोर ताडपत्रीखालीच बसले असते.

आमच्या ओळीत एका मिरचीवाल्याची पेढी आहे. त्यांचा संगणक रोज दुपारी आपोआप बंद पडायचा. तीन मेकॅनिक तीन सुटे भाग बदलून गेले. आप्पा गेले आणि मिरचीच्या पोत्यावर बसून दुपारपर्यंत नुसते बघत राहिले. मालक वैतागला. मग आप्पांनी संगणक उचलला, रस्त्याच्या मधोमध आणून उघडला. आतला पंखा मिरचीच्या पुडीने लालभडक थिजलेला. दुसऱ्या कोणी ब्रशने झाडला असता. यांनी तोंडाने फुंकर मारली. सगळी ओळ शिंकत, खोकत, डोळे चोळत बाहेर आली. शाळेतून येणारी पोरं रडायला लागली. एकटे आप्पा निवांत. "माले काय व्हई? नाकले सवय शे." संगणक त्यानंतर बंद पडला नाही, हे खरं. पण त्या दिवशी माझ्या दुकानात लग्नाचा अल्बम निवडायला आलेली नवरी नाक गळत घरी गेली, हेही खरं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कचेरीसमोर टेबल आणि कार्बन पेपर घेऊन अर्ज लिहून द्यायला बसत असे. तिथून झेरॉक्स, मग फोटो, मग सीडी. मला कोणी काही दिलं नाही. एकेक वस्तू मी घासाघीस करून उभी केली. सुरतच्या बाजारातले दुकानदार मला पाहिलं की पाणी विचारायच्या आधी कपाळाला हात लावत. भाव न करता वस्तू घेणं मला जेवून हात न धुण्यासारखं वाटतं.

आप्पा मात्र भाव करत नसत. पहिल्यांदा ते माझ्याकडे आले तेव्हा दोनशे म्हणाले. मी दीडशे म्हटलं. "बरं," म्हणाले. मला वाटलं, सोपा माणूस आहे. त्यांनी काम केलं, संगणक सुरू करून दाखवला, दीडशे खिशात घातले आणि निघाले. संगणकाचं झाकण जमिनीवरच.

"आप्पा, झाकन?"

"झाकन लावानं पन्नास."

मी संतापले. म्हटलं, पन्नास रुपयांसाठी मी मरत नाही, राहू दे उघडं. तीन आठवडे ते तसंच चाललं. मग आत एक पाल शिरली आणि शिजली. चार दिवस दुकानात असा वास सुटला की पासपोर्ट फोटोला बसलेली माणसं श्वास रोखून बसायची आणि फोटोत डोळे बाहेर आलेले दिसायचे. शेवटी आप्पांना निरोप धाडला. त्यांनी त्या करंगळीच्या नखाने पाल खरवडून काढली, रस्त्यावर फेकली, नख रुमालाच्या एका कोपऱ्याला पुसलं, आणि झाकण लावलं. मी दोनशे दिले. त्यानंतर त्यांच्याशी मी भाव केला नाही. हरले म्हणून नव्हे. त्या नखाकडे पुन्हा बघायला लागू नये म्हणून.

आता त्या सीडीचं.

जग पेनड्राइव्हवरून मोबाइलवर गेलं तरी कचेरीला पुरावा सीडीतच लागतो. सीडी पाकिटात घालून फाईलला टाचता येते आणि पेनड्राइव्ह टाचता येत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. गावातल्या बाकीच्यांनी सीडीचं काम सोडून दिलं होतं. कोऱ्या सीडीवर भरून देणारं मशीन तळोद्यात एकट्या माझ्याकडे उरलं होतं, आणि मी ते जपलं होतं.

एका मंगळवारी सकाळी दामजी आला. डोंगरातल्या काठी गावाच्याही पुढच्या एका पाड्यावरचा, चाळिशीतला माणूस. पहिल्या जीपने उतरला होता. त्याच्याशी मी मराठीत बोलायचे. त्याच्या घरची भाषा वेगळी, माझ्या घरची वेगळी, मराठी दोघांनाही कचेरीपुरती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल त्याने काढला. वनजमिनीचा दावा होता. बाप ज्या तुकड्यावर पेरत आला तो आपल्या नावावर व्हावा म्हणून. मोबाइलमध्ये पाड्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा व्हिडिओ होता. म्हातारा शेतात उभा राहून काठीने दाखवतो आहे, हा बांध कोणी घातला, ही मोहाची झाडं कोणाच्या हातची, इथे गोठा होता. सुनावणी गुरुवारी अकराला. पुरावा सीडीत द्यायचा, नाहीतर दावा बंद.

"होईल ना, ताई?"

"अर्ध्या तासात," मी म्हटलं.

डब्यातली कोरी सीडी काढून मशीनमध्ये घातली. दिवा लुकलुकला, आत घरघर झाली, आणि पडद्यावर आलं, डिस्क टाका. काढली, फुंकली, पुन्हा घातली. डिस्क टाका. दुसरी घातली, तिसरी घातली. तेच. मग एका लग्नाची भरलेली सीडी घालून पाहिली, तर लगेच वाजंत्री सुरू. भरलेली वाचत होती, कोरी ओळखतच नव्हती.

आप्पांना बोलावलं. आले, शिंकले, मांडी घालून बसले, बघत राहिले.

"कव्हयपासून?"

"आजच."

"कोनी हात लावा?"

"मन्हाशिवाय कोन लावी?"

"नवं काय उनं?"

"काहीच नही," मी म्हटलं.

हे खोटं होतं. सीड्या नव्या होत्या. आठ दिवसांपूर्वीच सुरतहून आणलेल्या. एका नव्या दुकानदाराला मी असा पिळला होता की तो शेवटी हात जोडून म्हणाला, "ले जाओ बेन, तुम जीती." पाकिटावर नाव तेच, छपाई तीच, भाव निम्म्याहून कमी. घरी आणून मी त्या जुन्या डब्यात भरल्या आणि नवं पाकीट चुलीत घातलं, कारण नवा माल दिसला की लोक नवा भाव विचारतात. आम्हा दुकानदारांचा एक नियम आहे, खरेदी सांगायची नाही. कुठून आणलं, कितीला आणलं, कधी आणलं, हे नवऱ्यालाही नाही. मला कोणी असलं विचारलं की उत्तर डोक्यातून येत नाही, जिभेवरूनच येतं. काहीच नाही.

आप्पांनी ते खरं धरलं.

मंगळवारी त्यांनी मशीन उघडून काच पुसली, वायर बदलली. बुधवारी सकाळी संगणकाच्या यादीतून ते मशीनच काढून टाकलं आणि पुन्हा बसवलं, सीडी भरायचा प्रोग्राम काढून जुना घातला. दुपारी घरून स्वतःचं एक वापरलेलं मशीन आणून जोडलं. त्यातही तेच. भरलेली वाचतं, कोरी ओळखत नाही. आप्पा बराच वेळ नाकाला हात न लावता बसले. मग म्हणाले, "दोन मशीनसले एकच आजार कसा व्हई?"

मला तिथेच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण मी म्हटलं, "लाइटनं काही व्हई. वोल्टेज कमी शे."

त्यांनी तेही खरं धरलं. समोरच्या पिठाच्या गिरणीतून स्टॅबिलायझर मागून आणला, पाठीवर वाहून, वरून खाली पिठाने पांढरे झालेले. आणि लावला.

दामजी दोन दिवस माझ्या पायरीवर बसून होता. बुधवारी दुपारी उठून आत आला. "ताई, मी नंदुरबारला जाऊन येतो. तिथे होईल."

मी म्हटलं, "थांबा, होत आलंय. आप्पा बसलेत ना."

आप्पांनी मान वर केली. "जाऊ दे ना त्याले. सांजपावत परत ई लागी."

"आते व्हई जाई, आप्पा. कसाले त्याले जीपना भुर्दंड?"

त्याचं जीपचं भाडं मला दिसत नव्हतं. हातातलं काम दुसऱ्या गावाला जाताना दिसत होतं. दामजी पुन्हा पायरीवर बसला.

गुरुवारी आप्पा साडेदहाला आले. पिशवी नव्हती. हातात एकच सीडी, कागदात गुंडाळलेली. पहाटेपासून घर उलथंपालथं करून शोधली होती म्हणे. "हाई मागला साली तुन्हाकडतूनच लयेल शे," म्हणाले. गेल्या वर्षी माझ्याकडूनच नेलेली ती. माझ्या डब्यातली एक सीडी मागून घेतली आणि दोन्ही घेऊन पायरीवर उन्हात उभे राहिले. खालची बाजू वर करून शेजारी शेजारी धरल्या. त्यांची गडद, जांभळट. माझी फिकट, ताकाच्या निवळीसारखी. आरपार रस्त्यावरची जीप दिसत होती. आत येऊन त्यांनी आपली सीडी मशीनमध्ये घातली. मशीनने ती एका दमात ओळखली.

तेव्हा दुकानात दहा माणसं तरी असतील. झेरॉक्सला आलेले, फोटोला आलेले, दोन जीपवाले. आप्पा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, हेच मला जास्त लागलं.

"बाई, तू खोटं बोलनी."

"आप्पा, तोंड सांभाळीसन बोला."

"माल नवा उना व्हता. मी इचारं. तुले दोन शबद जड उनात. मन्हा दोन दिवस गयात, ते मन्हं. यान्हं काय?" आणि दामजीच्या रिकाम्या पायरीकडे बोट केलं. दामजी तेव्हा हजेरी लावायला कचेरीत गेला होता.

"खरेदी कोन सांगस? तुम्ही सांगतस का तुमनी?"

"मी भाव नही इचारा. मी इचारं, नवं काय उनं."

मी समोरचे झेरॉक्सचे कागद सारखे करायला लागले. एका जीपवाल्याने मध्येच तोंड घातलं. "ताई, सुरतवालानी तुले बी टोपी घाली का वं?" सगळे हसले. मी त्याच्या अंगावर पंचिंग मशीन उगारलं. तो हसतच जीपकडे गेला. दिवसभर तळोद्यातून सुटणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये ही गोष्ट बसून गेली असणार, सातपुड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत.

बुधवारी प्रोग्राम बदलल्यामुळे मोबाइलमधला व्हिडिओ सीडीत बसेल असा पुन्हा करावा लागला, त्यात वेळ गेला. सीडी हातात आली तेव्हा सव्वाबारा वाजले होते. दामजीचं नाव साडेअकराला पुकारलं गेलं होतं. साहेबांनी विचारलं, पुरावा कुठे. तो म्हणाला, दुकानात आहे. साहेबांनी फाईलवर लिहिलं, पुरावा सादर नाही, आणि पुढचं नाव घेतलं. आप्पा लूनावर गरम सीडी घेऊन पोचले, तर कारकुनाने ती हातातही घेतली नाही. उशीर का झाला हे ज्याच्यामुळे झाला त्याने आठ दिवसांत लेखी द्यावं, मग साहेब विचार करतील, एवढं बोलून तो जेवायला गेला. दोन रकाने भरून कोणाच्याही बापाची जमीन मिटवणारी ही माणसं. त्यांचाही मला तितकाच वीट आहे.

शुक्रवारी आप्पा आले. पायरीच्या खालीच थांबले. "बाई, झायं तसं लिखी दे. सही, शिक्का."

माझा अजून संताप उतरला नव्हता. पण मी कागद घेतला. "मी लिखस, तांत्रिक अडचणीमुळे."

"अडचन मशीनले नही व्हती."

"मंग लिखस, काही कारणास्तव."

"कारन तू शे."

मी तिथे घासाघीस सुरू केली. आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी. म्हटलं, दामजीला जन्मभर झेरॉक्स फुकट. म्हटलं, सुरतच्या दुकानदाराचं नाव लिहिते, माझं नको. म्हटलं, सही करते पण शिक्का नाही. आप्पांना जे सांगता येत नव्हतं ते असं, की त्याच मालातल्या पन्नास सीड्या मी आदल्या आठवड्यात कचेरीलाच विकल्या होत्या. माझा माल खोटा, असं मीच शिक्का मारून त्याच कचेरीला लिहून देणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडणं. कचेरीचं काम गेलं असतं तर माझं दुकान सहा महिन्यांत उठलं असतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हाई घासाघीसनं काम नही, बाई," म्हणाले. मग, "ऱ्हाऊ दे." आणि गेले.

भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी सहसा हरत नाही. 'राहू दे' म्हणणाऱ्या माणसाशी काय करायचं? चार दिवस मला जेवण गेलं नाही, आणि त्याचाही दोष मी त्यांनाच दिला. मधल्या एका दुपारी मी नंदुरबारला जाऊन, सांगितलेला भाव देऊन, पन्नास चांगल्या सीड्या आणल्या आणि कचेरीतल्या बदलून आले. ओल लागली होती असं सांगितलं. उरलेला माल ज्वारीवरची पाखरं हाकायला एक शेतकरी घेऊन गेला. फुकट नाही.

दामजीचा दावा पुन्हा उघडला, सीडी फाईलला लागली, मोजणीवाले डोंगरात जाऊन आले. मागितली त्याहून थोडी कमी, पण जमीन त्याच्या नावावर झाली असं मी ऐकलं. त्याने मला सांगितलं नाही. तो माझ्या दुकानात पुन्हा आला नाही. आप्पांना मात्र त्यानंतर कचेरीने कामाला बोलावणं बंद केलं. तिथले वीस-पंचवीस संगणक म्हणजे त्यांचं बांधलेलं काम होतं. ते का बंद झालं, हे गावाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तो कागद माझ्याच काचेवर पडला होता.

सातव्या दिवसाची गोष्ट. दामजी आत आला, एक कागद पुढे केला, तीन झेरॉक्स म्हणाला. आप्पा रस्त्यापलीकडे जीपच्या थांब्यावर उभे होते. आले नाहीत. कागद पालथा घालायच्या आधी मी वाचला. वाचायचीच सवय आहे. अक्षर आप्पांचं, शाळेतल्यासारखं सरळ, आणि भाषा कचेरीची. मी, खाली सही करणार, संगणक दुरुस्तीचे काम करतो. सदर सीडी तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. मशीनमधील दोष मला माझ्या अज्ञानामुळे व हलगर्जीपणामुळे वेळेत सापडला नाही. त्यामुळे अर्जदारास उशीर झाला. यात दुकानदाराचा काही दोष नाही.

माझा संताप पुन्हा उसळला. दहा माणसांसमोर मला खोटारडी म्हणणारा हा माणूस. आणि हा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटा, आणि खाली सही. मला न विचारता माझा गुन्हा उचलून नेला होता, पाल उचलून नेली तसा. मी दामजीला म्हटलं, "हे खोटं आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

दामजी म्हणाला, "ताई, साहेब एकला उठतात. काढा लवकर."

मी तीन प्रती काढल्या. तो त्या घेऊन रस्ता ओलांडून गेला. आप्पांनी एकेक प्रत डोळ्यांजवळ धरून वाचली, मूळ कागदाशी ताडून पाहिली. मग काहीतरी बोलले. दामजी पळत परत आला.

"आप्पा म्हणतात, तिसरी पुसट आली. शेवटची ओळ वाचता येत नाही."

मी प्रत हातात घेतली. दुकानदाराचा काही दोष नाही, ही ओळ खरंच उठली नव्हती. टोनर संपत आला होता. मी तो बाहेर काढला, दोन्ही हातांनी हलवला, परत बसवला आणि कागद पुन्हा काचेवर ठेवला. या वेळी ओळ ठळक आली. अक्षर अन्‌ अक्षर.

एकला दहा मिनिटं कमी होती. लूना सुरू होईना, म्हणून आप्पा ती तिथेच टेकवून चालत निघाले. पुढे ते आमच्या ओळीत फिरकले नाहीत; त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. दामजी पुढे पळत होता आणि दर दहा पावलांवर थांबून, कागद छातीशी धरून, मागे वळून बघत होता. आप्पा आपल्या चालीनेच चालले होते.